झऱ्याखालच्या खाचरातली खाडी

मुळशीत समुद्र नाही. धरण आहे, ओढे आहेत, पावसाळ्यात तर पायाखालचा रस्ताही पाण्याचाच असतो. पण समुद्र नाही. तरीही ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एका वर्षी पाच महिने तो आमच्या घरामागच्या खाचरात होता. तो मी आणला होता. एवढी वर्षं ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. बायकोलाही नाही. मी मुळातच कमी बोलतो, त्यामुळे लोकांना वाटतं, या माणसाच्या पोटात काही नसेल. असतं हो. चांगलं शेरभर असतं.

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि पुण्यातल्या एका कॉलेजात प्रयोगशाळा मदतनीस म्हणून लागलो होतो. पौडच्या पुढं आमचं गाव. सकाळची एसटी पकडायची, पिरंगुटला कारखान्याची माणसं आत घुसली की दोन पायांवर उभं राहायची चैन संपायची, आणि तसंच एका पायावर पुण्यात उतरायचं. कॉलेजात बाटल्या धुवायच्या, बुचं उकळायची, टेबलं पुसायची. गावात मात्र आईनं सांगून ठेवलं होतं की पोरगा ‘सायन्सात’ आहे.

आमच्या विभागात एक मॅडम होत्या. पस्तिशीच्या, बारीक अंगाच्या, आणि कायम कशाच्या तरी मागे लागल्यासारख्या चालणाऱ्या. त्यांचा पीएच.डी.चा विषय ऐकून स्टाफरूममध्ये लोक चहा पिताना ठसकायचे. विषय होता चिखलातले बुडबुडे. कोकणात खाडीच्या कडेनं तिवरांची जंगलं असतात, पेपरात आता ज्यांना खारफुटी म्हणतात ती. त्या तिवरांच्या मुळाशी गुडघा गुडघा काळा चिखल असतो, आणि त्यात पानं, लाकूड कुजून वायू तयार होतो. गोबरगॅसमध्ये जळतो तोच वायू. तो वर आभाळात गेला की उन्हाची ऊब धरून ठेवतो, गोधडीसारखा. तिवरांचा चिखल असा किती वायू सोडतो, हे मॅडमना मोजायचं होतं.

“आणि मोजून काय करणार?” एका सरांनी विचारलं होतं.

“आधी मोजते,” मॅडम म्हणाल्या. “मग तुम्हाला विचारायला येते.”

त्यांचा एक अंदाज होता. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात असं काही असतं की ते हा वायू फार होऊ देत नाही. पण पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी खाडीत भरतं, खारटपणा उतरतो, तेव्हा वायू वाढत असला पाहिजे. दिवाळीपासून चैत्रापर्यंत दर अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला त्या स्वतः खाली उतरून बाटल्या भरून आणत होत्या. आकडे लहान येत होते, ते त्यांना अपेक्षितच होतं. आता पावसाळ्याचे पाच महिने तेवढे हवे होते, सगळा अंदाज त्यांच्यावर उभा होता. आणि नेमके तेव्हाच मॅडमना दिवस गेले. डॉक्टरांनी घाटातले हेलकावे बंद केले.

“तू मुळशीचा ना?” त्यांनी मला विचारलं. “ताम्हिणी उतरलं की पुढं खाडी. तुला जवळ पडेल. चिखलाची सवय आहे?”

मी हसलो. भातवाल्याला चिखलाची सवय आहे का म्हणे! चिखलणी करताना बैलांच्या मागून दिवस दिवस चालणारे आम्ही. म्हटलं, “मॅडम, जन्मच त्यात गेलाय.”

त्यांनी सगळं शिकवलं. नरसाळं पाण्यात उलटं धरायचं, त्याच्या नळीवर पाण्यानं भरलेली बाटली पालथी घालायची, काठीनं खालचा चिखल ढवळायचा. बुडबुडे नरसाळ्यात शिरतात, बाटलीत चढतात, पाणी खाली येतं. मग पाण्याखालीच बूच लावायचं. शिवाय जागेवरचा चिखल एका बरणीत. वहीत तारीख, वेळ, ठिकाण. आणि शेवटी म्हणाल्या, “चिखलात थेट उतरू नकोस. तिथल्या कोळणींकडून फळी माग. फळीवर गुडघे टेकून सरकायचं.”

हे शेवटचं वाक्य मी घरी जाईपर्यंत विसरलो. विसरलो म्हणजे काय, मनावरच घेतलं नाही. फळी कसली मागायची? गुडघे टेकून लहान लेकरासारखं सरकायचं?

ज्येष्ठातल्या अमावास्येला मी खाडीवर पोचलो. सकाळचे सहा, पाणी लांब गेलेलं, तिवरांची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली. कडेला तीन-चार कोळणी खेकडे धरत होत्या. त्यांच्या फळ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. चड्डी वर खोचली, आणि खाचरात उतरतो तसा टाच आधी टेकवून उतरलो.

आमच्या खाचराला तळ असतो हो. वीतभर, हातभर चिखल आणि खाली घट्ट जमीन. पाय तिथं जाऊन थांबतो, हे पायाला जन्मापासून ठाऊक. खाडीला तळ नव्हता. पहिलं पाऊल गुडघ्यापर्यंत, दुसरं मांडीपर्यंत, आणि तिसरं टाकायला पायच वर येईना. मी जोर केला तसा कमरेपर्यंत गेलो. नरसाळं एकीकडे, बाटल्या दुसरीकडे.

“कुठशी आयलास रं दादा?” एक म्हातारी कोळीण फळीवरून शांतपणे म्हणाली.

“मुळशी.”

“घाटावरचा हाय गं!” ती बाकीच्यांना ओरडली. “भात लावायला आयलाय!”

त्यांनी जाळ्याचा दोर टाकला, माझ्या काखेत अडकवला आणि चौघींनी मिळून मला ओढलं. मी बाहेर आलो. माझी चड्डी आली नाही. तिचं खाडीशी काय जमलं ते जमलं, ती तिथंच राहिली. चपला गेल्या, बाटल्या गेल्या. वही तेवढी डोक्यावर धरली होती म्हणून वाचली. म्हातारीनं हसू आवरत आपल्या नवऱ्याची एक जुनी निळी लुंगी माझ्या अंगावर फेकली.

“जा बाबा. नेस. पन परत आन हां.”

त्या लुंगीत मी लाकडाच्या ट्रकवर बसून ताम्हिणी चढलो. ड्रायव्हरनं तीनदा विचारलं, काय झालं? मी तीनदा काही नाही म्हटलं. आयुष्यभर ‘काही नाही’ म्हणायची सवय मला त्या ट्रकवर लागली असावी.

घरी आलो तेव्हा मॅडमनी दिलेल्या राखीव बाटल्या, बरण्या आणि एक जादा नरसाळं माझ्या पेटीत होतं. घरामागं झऱ्याखाली आमचं एक खाचर आहे, बारमाही ओलं, काळं, पाय टाकला की बुडबुडे सोडणारं. मी बांधावर उभा राहिलो. पुन्हा खाली जायचं? त्या चौघींसमोर? फळी मागायला? आणि मग डोक्यात आलं, चिखल तो चिखल.

एकदाच, असं ठरवलं होतं. पुढच्या अमावास्येला जाऊच, असंही ठरवलं होतं. पुढच्या अमावास्येला आवणी होती, भाताची लावणी.

एक सांगतो, हा खोटेपणा मी फार प्रामाणिकपणे केला. तारीख अमावास्येचीच. वेळ सकाळी सहाचीच, कारण मॅडमच्या तक्त्यात ओहोटी सहाला होती. मुळशीतही मग ओहोटी सहालाच व्हायला लागली. नरसाळं उलटं, बाटली पालथी, बूच पाण्याखाली. एकही बुडबुडा मी खोटा भरला नाही. वहीत फक्त ठिकाणाची जागा कोरी ठेवायचो. तिथं खाडीचं नाव लिहायला हात होईना, आणि मॅडम समजायच्या, पोरगा लिहायला विसरतो.

पहिली बरणी उघडून त्या म्हणाल्या, “खारटपणा अजिबात कसा नाही रे? पाऊस तर आत्ताच सुरू झालाय.”

पुढच्या बरणीत मी वाण्याकडचं खडेमीठ घातलं. मूठभर.

ती उघडून म्हणाल्या, “आणि वास? खाडीच्या चिखलाला नासक्या अंड्यासारखा वास असतो. हा तर शेतासारखा येतोय.”

आता यावर दुसरं काय करणार? त्याच्या पुढच्या अमावास्येला आईच्या खुडूक कोंबडीखालचं एक नासकं अंडं मी बरणीत फोडलं. मॅडमनी झाकण काढलं, नाक दाबलं आणि समाधानानं म्हणाल्या, “हां! आता कशी खाडी!”

हे सगळं मला तेव्हा गमतीचं वाटत होतं, हे कबूल करतो.

बाटल्या दुसऱ्या एका संस्थेत यंत्रावर तपासायला जायच्या. तिथून पावसाळ्याचे आकडे आले. मॅडमच्या आधीच्या आकड्यांपुढं ते म्हणजे उंदरापुढं रेडा. मॅडमचा अंदाज खरा ठरला होता, आणि त्यांना वाटलं होतं त्याच्या कितीतरी पट खरा. त्या कागद घेऊन प्रयोगशाळेत आल्या, पोटावर हात ठेवून स्टुलावर बसल्या, आणि रडल्या. मग पर्समधून पेढ्याचा पुडा काढला. पहिला पेढा मला. “तू चिखलात उतरलास म्हणून हे झालं,” त्या म्हणाल्या.

तो पेढा मी गिळला. तेव्हा सांगायला हवं होतं. पेढा तोंडात असताना माणूस काय सांगणार, असं मी नंतर बरीच वर्षं स्वतःला समजावत आलो.

आणखी एक भानगड होती. चिखल सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना मॅडमना त्यात काळे कण दिसले. जळक्या पानांचे, काटक्यांचे. “हे कसले?” त्यांनी विचारलं. मला ठाऊक होतं. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी जमिनीवर शेण, पालापाचोळा, काटक्या पसरून जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. झऱ्याखालच्या खाचराच्या वरच आमचा राब. त्याची राख पावसानं खाली येते. पण मी म्हणालो, “तिथं बायका जळणाला तिवर तोडतात, मॅडम. कडेला जाळतात.”

मॅडम थरारल्या. जळालेली तिवरं! कुणी लिहिलं नव्हतं. त्यांनी त्यावर तीन पानं लिहिली.

कार्तिकात त्यांना मुलगी झाली. माघात प्रबंधाचं ते प्रकरण पूर्ण झालं, आणि त्यांच्या मार्गदर्शक सरांनी महिन्याभरानं होणाऱ्या एका मोठ्या सभेत ते मॅडमना वाचायला सांगितलं. देशभरातले लोक येणार होते. मॅडमना एकच गोष्ट कमी वाटत होती, जळक्या तिवरांचा फोटो.

“मी येते,” त्या म्हणाल्या. “रविवारी तुझ्या गावी येते, तिथून दोघं खाली उतरू.”

मी म्हणालो, रस्ता खराब आहे. म्हणाल्या, मला माहीत आहे. मी म्हणालो, बाळ लहान आहे. म्हणाल्या, आई सांभाळेल. मला ताप येण्याची शक्यता वाटते, असंही मी म्हणून पाहिलं.

रविवारी त्या कॅमेरा गळ्यात घालून सकाळच्या एसटीनं उतरल्या. आईनं पितळी कपात चहा दिला. “आमच्या पोराचं लई चांगलं बघता तुमी,” असं म्हणून ती मॅडमच्या बाळंतपणाची चौकशी करत बसली. मी उठून “चला, उशीर होईल” म्हणतोय तोवर शेजारच्या घरातून चुलती आली. चुलती पावसाळ्यापासून माझ्याशी बोलत नव्हती. का, ते मला त्या दिवशी कळलं.

“ह्याच का त्या पुण्याच्या बाई?” चुलतीनं कमरेवर हात ठेवून विचारलं. “मंग तुमीच सांगा ह्याला. शिकल्याला पोरगा, अन् दर अमुश्येला पहाटं खाचरात जाऊन बसतोय. बाटल्या काय, मीठ काय, अंडं काय! आमच्या बांधाला लागून हाय ते खाचर. आमच्यावर करनी केली ह्यानं. कोपऱ्यातलं भात पिवळं पडलं न्हवं आमचं!”

“काय बोलतीस?” आई उसळली. “माझा पोरगा सायन्सात हाय!”

“सायन्सात अंडं लागतंय व्हय? मी ह्या डोळ्यांनी बघितलंय. पाच अमुश्या!”

मी जमिनीकडे बघत होतो. मॅडमनी कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

“कुठलं खाचर?” त्या म्हणाल्या.

चुलतीच त्यांना घेऊन गेली. मी मागून. झऱ्याखाली तेव्हाही ओल होती. वरच्या तुकड्यात माझे वडील राब भाजत होते. धूर बसलेला, काळे पापुद्रे उडून खाली खाचरात येत होते. मॅडम बांधावर उकिडव्या बसल्या. एक पापुद्रा उचलला, बोटांत चुरला, ओल्या चिखलात मिसळून तळहातावर पसरला, आणि डोळ्याजवळ धरून बराच वेळ पाहिला. मग तळहाताचा वास घेतला.

“राब दर वर्षी इथंच?” त्यांनी चुलतीला विचारलं.

“पिढ्यानपिढ्या हितंच की.”

“या राखेवर माझी तीन पानं आहेत,” मॅडम म्हणाल्या. कुणाला उद्देशून, कळलं नाही. मग त्यांच्या तोंडातून एक आवाज आला. आधी मला वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या. अंडं, अंडं, असं म्हणत हसत होत्या. मग हसणं थांबलं, आणि मी त्यांचा चेहरा पाहिला. तो मी इथं लिहिणार नाही.

“करणी नाहीये हो,” त्या चुलतीला म्हणाल्या. “माझंच काम करत होता तो. तुमच्या भातावर काही झालं नाही. माझ्यावर झालं.”

एसटीची वाट बघताना त्यांनी गळ्यातला कॅमेरा काढून पर्समध्ये ठेवला. मी तोंड उघडलं होतं. चुकलं, एवढाच शब्द म्हणायचा होता. तो आला नाही. गाडीत चढताना त्या म्हणाल्या, “सरांना सांगते, बुचं गळकी निघाली. ते आकडे बाद. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा जाऊ.”

आणि त्यांनी तसंच सांगितलं. मला नोकरीवरून काढलं असतं, ते त्यांना माहीत होतं. या बाई फूटपट्टीनं समास मोजून प्रश्नपत्रिका काढायच्या, आकडा दशांशात चुकला तर रात्रभर झोपायच्या नाहीत. माझ्यापायी त्या खोटं बोलल्या. सभेतलं नाव काढलं. प्रबंध लांबला, तोवर सर निवृत्त झाले, नव्या सरांना चिखलात रस नव्हता, आणि विभागात जी बढतीची जागा निघाली ती प्रबंध पूर्ण झालेल्या दुसऱ्या कुणाला गेली. यातलं एकही वाक्य त्यांनी मला कधी ऐकवलं नाही. मी रोज त्यांच्या बाटल्या धूत होतो.

पुढच्या ज्येष्ठात आम्ही दोघं खाडीवर गेलो. मी धुतलेली निळी लुंगी घडी करून नेली होती. म्हातारी फळीवरच होती.

“आयला गं, भातवाला आयला!” ती ओरडली. लुंगी उलगडून बघितली. “धुतलीस? मंग तुझी चड्डी शोधायला लागंल आमाला.”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी म्हातारीला म्हणालो, “मावशी, फळी द्या.” ते पाच महिने मी गुडघ्यांवर सरकलो. बरणीला खरा वास येत होता. अंड्याच्या वासाशी त्याचं काही नातं नाही, हे मी तुम्हाला अनुभवानं सांगतो.

पावसाळ्यात वायू वाढला. अगदी थोडासा, पण वाढला. मॅडमनी तो आकडा वहीत लिहिला, दोनदा तपासला. पेढे आणले नाहीत.

त्यानंतर मी तिथंच अनेक वर्षं होतो. त्या निवृत्त झाल्या, मीही आता निवृत्तीला आलोय. त्या गोष्टीचा शब्द आमच्यात कधी निघाला नाही. तो काढायचा माझ्याकडेच होता.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. हल्ली या वायूचं फार महत्त्व आलंय. कुणी एक तरुण संशोधक मुलगी जुने आकडे गोळा करतेय, आणि मॅडमनी आपल्या सगळ्या वह्या बाहेर काढल्या होत्या.

“त्या पाच महिन्यांची वही पण आहे,” त्या म्हणाल्या. “मी फेकली नाही. तेव्हाचे भातखाचराचे आकडे फार कुणाकडे नाहीत, ती मुलगी म्हणत होती. फक्त ठिकाणाची जागा कोरी आहे. काय लिहू?”

त्यांना माहीत होतं काय लिहायचं. खाचर त्यांनी स्वतः पाहिलं होतं. तरी त्या थांबल्या. मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मुळशी,” मी म्हणालो. “झऱ्याखालचं खाचर. खाडी नाही, मॅडम. मी खाडीवर गेलो नव्हतो. लाज वाटली म्हणून गेलो नाही, आणि तुम्हाला फसवलं.”

पलीकडे पेन चालल्याचा आवाज आला. लिहून झाल्यावर त्या म्हणाल्या, “आणि बरणीत मीठ किती घातलंस? तेही नोंदवायला हवं.”

“मूठभर.”

“मूठभर म्हणजे किती? असं चालत नाही.”

म्हणून मी त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात काटा काढला आणि मूठभर खडेमीठ पारड्यात टाकलं. बायको दारात येऊन उभी राहिली. “काय चाललंय?” तिनं विचारलं. ‘काही नाही’ तोंडावर आलं होतं. ते मागं सारून तिला मी सगळं सांगितलं, चड्डीपासून. ती हसत खाली बसली.

वजन मी मॅडमना पत्रानं कळवलं. खाली टीप लिहिली, की तेव्हाची मूठ बावीस वर्षांच्या माणसाची होती आणि आताची सांधे धरलेली आहे, तेव्हा आकडा थोडा जास्त धरावा. अंडं मात्र एकच होतं.